अकरा मिनिटांचा गारवा

जुन्या गाडीचा एसी दुरुस्त करणं हे किती धाडसाचं काम आहे, हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर मी गाडीवर गोणपाट टाकून मोकळा झालो असतो. मी एका कनिष्ठ महाविद्यालयात हेडक्लार्क आहे. माझं धाडस शिक्षकांच्या रजेचे अर्ज परत पाठवण्यापलीकडे सहसा जात नाही. पण एप्रिलमध्ये देगलूरच्या एका लग्नात आईला ऊन लागलं. दोन दिवस सलाईनवर होती. घरी सोडताना डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. "या वेळी वाचल्या," ते म्हणाले, "परत असं झालं तर मी काही सांगू शकत नाही. यांना गारव्यात ठेवा." त्यात पुढं मे महिना, आणि नांदेडचं ऊन. आईला कुठं न्यायचं म्हटलं तर घरात एकच चारचाकी होती, आणि तिचा एसी कुणी कधी लावलेला नव्हता.

गाडी अण्णांची. अण्णा म्हणजे माझे वडील, अमृतराव, मोजणी खात्यातून निवृत्त झालेले, आणि गेल्या मार्गशीर्षात वारलेले. आयुष्यभर दुसऱ्यांच्या जमिनी मोजल्यामुळं असेल, घरातही सगळं मोजून देण्याची त्यांना सवय होती. आमच्याकडे गिझर लावायचा तो अकरा मिनिटं. दहा कमी पडतात आणि बारा म्हणजे चैन, असा त्यांचा हिशोब. आंघोळीला मी आत असलो की ते बाहेर तपकीर ओढत, घड्याळ धरून उभे राहायचे, आणि अकराव्या मिनिटाला खटका बंद व्हायचा. माझं लग्न झालं, डोक्यावरचे केस गेले, पण साबण लावलेल्या अवस्थेत गार पाण्याखाली उभं राहणं काही चुकलं नाही. एसीचा विषय काढला तर म्हणायचे, "कंपनीनं खिडक्या काय शोभेला दिल्यात का?"

तर डॉक्टरांकडून परत येतानाच, आई पुढच्या सीटवर बसलेली असताना, मी गाडी देगलूर नाक्यावरच्या रामकिशनकडे वळवली. "गॅस संपला असंल, सर," तो गाडीकडे न बघताच म्हणाला. एसीवाल्यांचं हे ठरलेलं वाक्य आहे. त्यानं नळी जोडली आणि पाचेक मिनिटं बॉनेटमध्ये वाकून राहिला. वर आला तेव्हा त्याचा चेहरा जरा पडलेला होता, पण बाहेर त्रेचाळीस अंश असताना कुणाचा चेहरा टवटवीत असणार? त्यानं मला बटण दाबायला सांगितलं. मी दाबलं. हवा सुटली, आणि अशी गार सुटली की आईनं पदर अंगाभोवती ओढून घेतला. मी रामकिशनची पाठ थोपटली. त्यानं पैसे घेतले आणि माझ्याकडे न बघता दुकानात निघून गेला.

छत्रपती चौकाच्या सिग्नलला गाडी थांबली तेव्हा आवाज आला. टक्.

एसीचं बटण बाहेर आलेलं होतं. हवा बंद. मी परत दाबलं, काही नाही. गाडीत मघापासून एक वास येत होता, तो आता माझ्या लक्षात आला. जुन्या नकाशांच्या कापडाचा वास, आणि त्यात जराशी तपकीर.

"बास म्हनले ते," आई म्हणाली.

"कोण?"

आईनं माझ्याकडं पाहिलं. मी शाळेत गणित चुकवून यायचो तेव्हा ती असंच पाहायची.

मी सुशिक्षित माणूस आहे. मी बटणाचा खटका झिजलाय असं ठरवलं आणि दुसऱ्या दिवशी आईला घेऊन पुन्हा रामकिशनकडे गेलो. त्यानं बटण बदललं. गार हवा आली, अकरा मिनिटं राहिली, आणि टक्. तिसऱ्या वेळी त्यानं फिल्टर बदलला, म्हणजे वास तरी जाईल. वास गेला नाही. चौथ्या वेळी त्यानं दुकान उघडं ठेवून शेजारच्या रसवंतीत जाऊन बसणं पसंत केलं. एका मेकॅनिकनं गिऱ्हाईक बघून उसाच्या चरकामागं लपावं, हा माझ्या उभ्या आयुष्यातला मोठाच अपमान होता.

अकरा मिनिटं हा आकडा मी उगाच सांगत नाही. तो आमच्या शेजारच्या वैजनाथरावांनी घड्याळ लावून काढलेला आहे. वैजनाथराव पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले, त्यामुळं त्यांना कुठल्याही यंत्रातलं सगळं कळतं. त्यांनी पहिल्या दिवशी थर्मोस्टॅट बिघडल्याचं सांगितलं, दुसऱ्या दिवशी बॅटरी, तिसऱ्या दिवशी ड्रायव्हरची बसण्याची पद्धत. शेवटी ते म्हणाले, "मी बटणावर बोट दाबून धरतो. बघू कसं बाहेर येतंय ते." ते माझ्या जागी बसले, आई शेजारी, मी मागं. गाडी फाटकातच सुरू ठेवली. अकरावं मिनिट भरत आलं तसं वैजनाथरावांनी अंगठा टेकवला, अगदी नख पांढरं होईपर्यंत. आणि बटण त्यांच्या अंगठ्याला सावकाश वर उचलत बाहेर आलं. लहान मुलाच्या हातातली वस्तू मोठी माणसं जशी न रागावता काढून घेतात, तसं.

वैजनाथराव गाडीतून उतरले, चप्पल तिथंच राहिली. त्यानंतर ते आमच्या फाटकावरून जायचे बंद झाले. आता ते मागच्या गल्लीनं भाजी आणायला जातात आणि चप्पल नेण्यासाठी त्यांनी नातवाला पाठवलं.

खरं सांगायचं तर मला भीतीच्या आधी राग आला. बावन्नाव्या वर्षी, स्वतःच्या पैशानं गॅस भरून, मला एसी किती वेळ लावायचा हे ठरवता येऊ नये? माणूस गेल्यावर तरी त्यानं घड्याळ खाली ठेवावं. हे मी सिंधुला, म्हणजे माझ्या बायकोला, बोलून दाखवलं. ती म्हणाली, "मोठ्यानं बोला की. फाटकापाशी जाऊन बोला." मी गेलो नाही.

मग एका दुपारी जे दिसलं त्यानं माझा राग पार विरघळला. बारा-साडेबाराची वेळ. आमच्या कॉलनीत त्या वेळेला कुत्रंसुद्धा दिसत नाही. झाडांची सावली बुडाशी गोळा झालेली, रस्ता पांढराफटक, आणि कुठंही काही हलत नाही. मी खिडकीतून पाहिलं तर आई गाडीत बसलेली होती. पुढच्या सीटवर, काचा बंद, हात मांडीवर. चावी माझ्या खिशात होती. मी ती चाचपून पाहिली. इंजिन बंद होतं, आणि गाडीच्या काचा आतून धुरकटल्या होत्या.

मी धावत जाऊन दार उघडलं. आतून गार हवेचा झोत माझ्या तोंडावर आला आणि लगेच विरला. आईचे हात बर्फासारखे होते.

"आई, इथं काय करतेस?"

"बसून राहिले जरा. त्यांच्यासंगं."

"आणि गारवा गेल्यावर?"

"परत येतो की. थांबावं लागतं थोडं."

ते 'थोडं' म्हणजे कधी अर्धा तास, कधी दीड. तेवढा वेळ ती बंद गाडीत, भर उन्हात, पुढच्या अकरा मिनिटांची वाट बघत बसायची. मी दाराला कुलूप लावलं तर जेवली नाही. गाडी विकायचा विषय काढला तर दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. डॉक्टरांचं वाक्य माझ्या कानात सारखं वाजत होतं. भूत असो वा खटका, एसी सलग चालला पाहिजे, नाहीतर आई त्या गाडीत जीव देणार, एवढं मला कळलं होतं.

त्यातच गाडीला पंधरा वर्षं पूर्ण होत आली. नवीन पासिंग करायचं तर गाडी आधी वारसाच्या नावावर पाहिजे, आणि वारस म्हणून आईची सही पाहिजे. ती देत नव्हती. "गाडी त्यांची हाय. ते त्यात बसून राहिले अन् मी माझ्या नावावर करून घेऊ?" आरटीओतल्या कारकुनानं संगणक बघून मला सांगितलं, "आमच्याकडे तर मालक हयात दिसून राहिलेत." आम्ही कळवलंच नव्हतं, तर त्याला दुसरं काय दिसणार? मी हे विनोद म्हणून घरी सांगितलं. आई म्हणाली, "बघ. सरकारलाबी ठाऊक हाय." शेवटी सिंधुनं तिला समजावलं की पासिंग झालं नाही तर गाडी भंगारात जाईल. तेव्हा ती ऑफिसात यायला तयार झाली. सही करायची की नाही, ते तिथं गेल्यावर बघणार होती. सोमवारी चार वाजताची वेळ मिळाली. ती चुकली तर पुढची जून संपता संपता.

आणि लातूरच्या ईश्वरप्पानं नेमका तोच सोमवार दिला, सकाळी साडेआठचा. ईश्वरप्पा मूळचा उदगीरचा, औसा रोडला त्याचं गॅरेज. त्याच्याकडून एसी परत बिघडून येत नाही, असं सगळे सांगतात, आणि मे महिन्यात त्याची वेळ मिळणं हे मुख्यमंत्र्यांच्या भेटीपेक्षा अवघड. मी हिशोब केला. पहाटे निघायचं, दुपारी एसी लावून गारव्यात परत यायचं, चारला आरटीओ. आईला घरी ठेवायचं म्हटलं तर ती म्हणाली, "गाडी जाईल तिथं मी."

पहाटे पाचला आम्ही तिघं निघालो. लोहा, माळाकोळी, अहमदपूर. वाटेत तीनदा गारवा आला आणि तीनदा टक् झालं. मी बटणाला हात लावत नव्हतो. सिंधु मागं बसून स्तोत्र म्हणत होती. ती एरवी विज्ञान शिकवते.

ईश्वरप्पा कपाळाला विभूती लावलेला, सावकाश बोलणारा माणूस. त्यानं बॉनेट उघडलं, टॉर्च मारला आणि बराच वेळ बघत राहिला. मग मला बोलावलं.

"सायेब, ह्येला पट्टा कुठं हाय?"

"कसला पट्टा?"

"बघा री. इंजिनावरून पट्टा येतो, तो कॉम्प्रेसरला फिरवतो. कॉम्प्रेसर फिरला तर गार हवा. हितं पट्टाच न्हाई. कुणी तरी मुद्दाम काढून ठेवलाय. आठ-दहा वर्सं तरी झाली असतील."

कुणी काढला हे मला विचारावं लागलं नाही. पट्टा काढला की इंजिनावरचं ओझं कमी, आणि लिटरमागं अर्धा किलोमीटर जास्त. टॉर्चच्या उजेडात मला कॉम्प्रेसरचं चाक दिसलं. गंजलेलं होतं. चाक आणि त्याच्या मागचा लोखंडी पत्रा यांना जोडून कुंभारमाशीनं मातीचं घर बांधलं होतं. चाक तसूभर फिरलं असतं तरी त्या घराचा भुगा झाला असता. ते घर सबंध होतं, त्याला तडासुद्धा नव्हता.

ईश्वरप्पानं नळी लावून पाहिली. "गॅस बी न्हाई. पार कोरडं. तुमी एसी बंद कसा पडतो म्हनून आलाव. मला येक सांगा, चालू कसा व्हत व्हता?"

मी रामकिशनला फोन लावला. पट्ट्याचं विचारलं. "बघितलं व्हतं मी, सर," तो म्हणाला. "पट्टा न्हाई, गॅस आत जाऊन राहिला न्हाई. अन् तुम्ही बटन दाबलं तर गार हवा. मी काय बोलनार? चालूय ते चालूय म्हनलं." आणि त्यानं फोन ठेवला.

पत्र्याच्या शेडखाली घाम निथळत असताना माझ्या हातावर काटा उभा राहिला. सिंधु जवळ आली आणि हळूच म्हणाली, "अहो, एक आठवून बघा. तुम्ही एकटे गाडीत असताना कधी लागला का एसी?"

मी आठवलं. भाजी आणायला गेलो होतो, बँकेत गेलो होतो. एकदाही नाही.

"तुम्ही इतके दिवस म्हणून राहिलात, ते बंद करतात म्हणून," सिंधु म्हणाली. "बंद नव्हते करत. लावत होते. आईंसाठी. त्यांच्याकडून जेवढं निघतंय तेवढं."

मी गाडीकडं पाहिलं. आई पुढच्या सीटवर शांत बसून होती, शेजारच्या रिकाम्या सीटकडं तोंड करून काहीतरी सांगत होती. मला एकदम फार वाईट वाटलं. अण्णांना मी महिनाभर शिव्या देत होतो.

ईश्वरप्पानं हात पुसले. कॉम्प्रेसरच बदलावा लागणार होता. या जुन्या मॉडेलचा भाग हैदराबादहून येणार, दोन दिवस लागणार. आईला हात जोडून तो म्हणाला, "आईसाहेब, उन्हाचं निघू नका." पण चारला सही होती. नाहीतर जून संपेस्तोवर गाडी रस्त्यावर नाही, आणि फाटकात उभ्या गाडीत आई रोज दुपारी बसणार. साडेबाराला आम्ही निघालो. ओला टॉवेल, दोन बाटल्या पाणी, ग्लुकोज.

चाकूरच्या अलीकडे एकदा गारवा आला. या वेळी मी मनातल्या मनात का होईना, आभार मानले. अकरा मिनिटांनी टक् झालं. अहमदपूरनंतर कलिंगडांचा ट्रक रस्त्यावर आडवा झालेला होता. पुढं गाड्या, मागं गाड्या, मधल्या दुभाजकामुळं वळायला जागा नाही. लोक उन्हातान्हात कलिंगडं गोळा करत होते. आसपास एक झाड नाही. वाऱ्याची झुळूक यायची ती चुलीपुढून आल्यासारखी. वीस मिनिटं गेली, पंचवीस गेली. आईचा घाम थांबला. लग्नात तसंच झालं होतं, आधी घाम थांबला होता.

"आई, पाणी घे."

तिला घोट गिळता येईना. डोळे अर्धे मिटले. सिंधु मागून टॉवेलनं तिचं तोंड पुसत होती आणि मला ओरडून सांगत होती की काहीतरी करा. मी बटण दाबलं. दाबत राहिलो. "अण्णा," मी म्हणालो, "अण्णा, लावा ना. एवढ्या वेळी लावा." काही झालं नाही. त्यांनी माझं कधी ऐकलं होतं?

तेव्हा आईनं मान उचलली. तिनं माझ्याकडं पाहिलं नाही. माझ्या खांद्याच्या जरा वर, अण्णा गाडी चालवताना त्यांचा चेहरा जिथं असायचा तिथं तिनं पाहिलं.

"अमृतराव," ती म्हणाली.

सिंधुचा हात थांबला. आईच्या तोंडून हे नाव मी जन्मात ऐकलं नव्हतं. ती 'हे' म्हणायची, 'ते' म्हणायची, 'दासूचे वडील' म्हणायची; दासू म्हणजे मी. दवाखान्याच्या कागदावर लिहायचं असलं तरी माझ्याकडं बोट दाखवायची.

"अमृतराव, लई ऐकलं तुमचं. आता माझं ऐका. घड्याळ ठेवा खाली. लावा ते."

टक्.

बटण आत गेलं. माझा हात तेव्हा आईच्या मनगटावर होता.

असा गारवा मी आयुष्यात अनुभवलेला नाही. पुढची काच आतून पांढरी झाली, माझे दात वाजायला लागले. आईनं डोळे उघडले आणि पाणी मागितलं. थोड्या वेळानं ट्रक बाजूला झाला. मी घड्याळाकडं बघायचं टाळत गाडी हाकत होतो. अकरा मिनिटं गेली. माळाकोळी गेलं. लोह्याला पहिला दवाखाना दिसला तिथं आईला दाखवलं. डॉक्टर म्हणाले, बीपी ठीक आहे, ताप नाही, पण यांचे हातपाय इतके गार कशानं? सिंधु म्हणाली, गाडीचा एसी चांगला आहे. नांदेड येईपर्यंत तो क्षणभरही थांबला नाही.

चारला दहा कमी असताना आम्ही आरटीओत पोचलो. कारकुनानं कागद पुढं केला. मी समजावणीची चार वाक्यं तयार ठेवली होती. आईनं विचारलं, "कुठं करू?" आणि सही केली. तपासणीला आलेल्या साहेबांनी एसीचं बटण दाबून पाहिलं. गरम धूळ आली. "एसी बंद आहे," ते म्हणाले. त्यांनी पासिंग दिलं.

दुसऱ्या दिवशी बारा वाजता मी खिडकीशी जाऊन उभा राहिलो. गाडी फाटकात होती, उन्हात. आत कुणी नव्हतं. मी घरात शोधलं तर आई कूलरपुढं बसून लसूण सोलत होती.

"आज गाडीत नाही गेलीस?"

"कशाला? रिकामी हाय ती आता."

मी तिच्या शेजारी बसलो. ती लसूण सोलता सोलता बोलायला लागली.

"नाव घेतलं की त्यांचं आयुष्य कमी व्हतं म्हनायची माझी सासू. चौपन्न वर्सं घेतलं न्हाई. ते गेल्यावरबी घेतलं न्हाई, म्हनलं असतील तेवढे तरी राहू द्या. काल घेतलं." तिनं सालं पदरातून खाली झटकली. "जलमभर मोजून दिलं बघ त्यांनी, दासू. काल उरलं व्हतं तेवढं न मोजता दिलं."

मग तिनं कूलरचं तोंड माझ्याकडं वळवलं.